बाईकचं इंजिन बदलायचंय, आणि आरसी-इन्शुरन्सही जागेवर ठेवायचाय

जुन्या बाईकचं इंजिन बदलायचं म्हटलं की सगळी चर्चा माउंटिंग जुळतील का, वायरिंगचं काय, पिकअप किती वाढेल इथेच घुटमळते, आणि कोणी आरटीओचं नाव काढलं की बाकीचे म्हणतात अरे कोण बघतंय. खरंय, सिग्नलवरचा हवालदार खाली वाकून क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य पेटीवरचा, इंजिन नंबर वाचत बसत नाही. पण गाडीला पंधरा वर्षं झाली की रिन्यूअलला इन्स्पेक्टर वाचतो, अपघाताचा क्लेम टाकला की इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर वाचतो, चोरीला गेलेली गाडी सापडली की पोलीस वाचतात, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक जरा चौकस असेल तर तोही वाचतो. म्हणजे नंबर वाचला जातोच, फक्त आपण आधीच अडचणीत असतो तेव्हा वाचला जातो. म्हणून हे लिहितोय, कागद आणि पाने-पक्कड दोन्ही कसे चालवायचे ते. मी महाराष्ट्रातल्या खासगी दुचाकीपुरतं लिहितोय, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे त्यामुळे गोव्यात किंवा बेळगावातही मूळ गोष्ट तीच, ऑफिसातली पद्धत थोडी इकडेतिकडे.

आधी हे ठरवा, इंजिन बदलायचंय की इंजिनाच्या आतलं

इंजिन नंबर पंच केलेला असतो क्रँककेसवर. हेडवर नाही, ब्लॉकवर नाही. त्यामुळे क्रँककेस तीच ठेवून आतलं सगळं बदललं, म्हणजे बोअर-पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेरिंग, गिअर, क्लच प्लेट, तरी नंबर तोच राहतो आणि कोणाला काही कळवायची गरज पडत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की लोक विसरतात. इंजिन धूर मारतंय, ऑइल खातंय, खडखड करतंय म्हणून दहापैकी निम्म्याहून जास्त लोक दुसरं इंजिन शोधायला निघतात, तेव्हा त्यांना खरं तर रिबोअर आणि क्रँकचं काम करून हवं असतं. कोल्हापुरात उद्यमनगरात जा, पुण्यात नाना पेठेत जा, हे काम करणारे लेथवाले आणि पार्टवाले एका रांगेत भेटतात. स्प्लेंडरसारख्या गाडीचं तर सगळं सामान नवं मिळतं. तिथे दुसऱ्याचं जुनं इंजिन आणून त्याचा इतिहास आपल्या गळ्यात घेण्यापेक्षा आपलंच उघडून नवं करणं केव्हाही बरं, असं माझं स्पष्ट मत.

मात्र इथे एक मेख आहे. क्रँककेस तीच ठेवून सीसी वाढवली तर ती सूट लागू होत नाही. यामाहाच्या आरएक्स १०० चं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हात याच गाडीवर चालतो. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, सीसी ९८. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच ५०, बोअर ५८, सीसी १३२. स्ट्रोक सारखा असल्यामुळे केसचं तोंड लेथवर मोठं करून १३५ चा ब्लॉक चढवतात, नंबर १०० चाच राहतो आणि मालक खुश. पण आरसीवर सीसीचा रकाना आहे आणि तिथे ९८ लिहिलंय. नंबर जुळतो पण माहिती खोटी, आणि सर्व्हेअरने ब्लॉक बघितला तर त्याला ओळखायला दोन मिनिटं लागत नाहीत.

अजून एक प्रकार, क्रँककेसच फुटली. चेन तुटून केसला भोक पडलं, किंवा माउंटिंगचा कान तुटला. कान तुटला असेल तर आधी चांगल्या आर्गन वेल्डिंगवाल्याला दाखवा, नंबराच्या पट्टीला धक्का न लावता बऱ्याचदा काम होतं. पार गेली असेल तर ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमधून नवी केस मागवा, तिच्यावर बहुतेक वेळा नंबर नसतो. त्यावर जुना नंबर स्वतः कुठूनतरी पंच करून घ्यायचा मोह होतो, ते अजिबात नको. हेतू कितीही चांगला असला तरी बाहेरून बघणाऱ्याला ती नंबर छेडछाडच दिसते. आधी आरटीओची लेखी परवानगी, मग पंचिंग, आणि ते पत्र गाडी आहे तोपर्यंत जपायचं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात पण नीट

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सारांश असा की कंपनीने जी मूळ वैशिष्ट्यं दिलीत आणि जी आरसीवर आहेत त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं असेल तर बदल केल्यापासून १४ दिवसांत आपल्या आरटीओला कळवून, आरसी देऊन, फी भरून नोंद करून घ्यायची हेही त्याच कलमात आहे. कर्जावर गाडी असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. परवानगी नसलेला बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात ठेवा, इंजिन वेगळं आणि सायलेन्सर वेगळा मोजला जाऊ शकतो.

आता व्यवहारात याचा अर्थ काय. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, तेवढ्याच सीसीचं, त्याच इंधनाचं इंजिन टाकलं तर आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो, बाकी सगळे रकाने तसेच राहतात, आणि ही नोंद होते. ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरमध्ये ९७.२ चंच स्प्लेंडरचं इंजिन, ३४६ सीसीच्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तसंच ३४६ चं. हा एकच रस्ता सरळ आहे.

पल्सर १५० च्या चेसिसमध्ये २२० चं इंजिन, ३५० बुलेटमध्ये ५०० चं, १०० सीसीच्या कम्युटरमध्ये करिझ्माचं, हे सगळं बसतं, चालतं, भारी पळतं, आणि आरसीवर चढत नाही. कुठला एजंट म्हणाला की चढवून देतो तर त्याला विचारा नेमकं काय चढवणार, सीसी, हॉर्सपॉवर, की फक्त नंबर? फक्त नंबर चढवून सीसी जुनीच ठेवली तर तुमच्या हातात सरकारी शिक्का मारलेली विसंगती आली. आणि हे फक्त कागदाचंही नाही, १५० च्या गाडीचे ब्रेक, फोर्क, स्विंगआर्म २२० च्या ताकदीला धरून बनवलेले नसतात. ज्यांना हे ट्रॅकवर किंवा शेतातल्या रस्त्यावर करायचंय त्यांनी जरूर करावं, मजा आहे त्यात, पण ती गाडी टेम्पोतून न्यायची आणि सार्वजनिक रस्त्यावर उतरवायची नाही.

डिझेल बुलेटचा विषय निघतोच म्हणून सांगतो. एनफिल्डची डिझेल गाडी होती, ग्रीव्ह्ज लोंबार्डिनीचं ३२५ सीसी इंजिन. त्या स्वस्तात मिळतात म्हणून चेसिस घेऊन त्यात पेट्रोल इंजिन टाकतात, किंवा उलटं. इथे सीसी तर बदलतेच, वर इंधनाचा रकानाही बदलतो. अशी गाडी स्वस्त का मिळते ते आरसी वाचली की कळतं.

इंधन बदलायची एकच कायदेशीर वाट आहे ती म्हणजे मान्यता मिळालेलं कन्व्हर्जन किट. कलम ५२ मध्येच त्याची तरतूद आहे, त्यात बॅटरीही येते. म्हणजे जुन्या बाईकचं पेट्रोल इंजिन काढून इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण किट त्या मॉडेलसाठी एआरएआयसारख्या, गाड्या तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि कंपनीच्या अधिकृत केंद्रातच बसवलेलं हवं. ऑनलाइन मागवलेली हब मोटर आणि घरी जोडलेला बॅटरी पॅक यात बसत नाही. आपल्याला इथे पेट्रोलचंच बोलायचंय, पुढे जाऊ.

इंजिन घ्यायचं कुठून

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडला, नाना पेठेत, दिल्लीला मागवायचं तर करोल बागेतून, इंजिनं सगळीकडे मिळतात. प्रश्न ते कुणाच्या गाडीचं होतं हा आहे. चोरीच्या गाड्यांची सगळ्यात आधी इंजिनंच वेगळी होतात, आणि चोरीचा माल बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, "मला माहीत नव्हतं" हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं, आणि बिल नसताना ते पटवणं अवघड.

तर घेताना हे मागा. बिल, त्यावर दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, आणि इंजिन नंबर आकडा न आकडा लिहिलेला. "एक जुने इंजिन" असं लिहिलेलं बिल म्हणजे बिल नव्हे. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत. आणि त्या गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचा पुरावा, ही गोष्ट लोक सोडतात. ती गाडी स्क्रॅप झाली असेल तर मालकाने कलम ५५ खाली आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची असते. ती केली नसेल तर तो इंजिन नंबर अजून दुसऱ्याच्या आरसीवर जिवंत आहे, आणि एकच नंबर दोन गाड्यांवर चढवायला गेलात की तुमचा अर्ज तिथेच अडकणार. एखाद्या माणसाकडून थेट गाडी घेऊन तिचं इंजिन काढणार असाल तर हे काम तुमच्याच हातात आहे, आधी ती गाडी कागदावर संपवा.

मग एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, वाहन एनओसी काढा. ही ऑनलाइन मिळते, नोंदणी नंबर, चेसिस, इंजिन नंबर टाकायचा, चोरीच्या यादीत जुळणी नाही असं प्रमाणपत्र येतं. ज्या दिवशी इंजिन घेताय त्याच दिवशी काढा, दुकानात उभं राहून, पैसे देण्याआधी. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर तेच उत्तर समजा.

नंबर कसा बघायचा तेही सांगतो. वायर ब्रशने आणि रॉकेलने पट्टी साफ करा, टॉर्च तिरकी धरा. कास्टिंगचा पृष्ठभाग थोडा खरबरीत असतो, तो नंबराच्या जागी गुळगुळीत झाला असेल, फाइलचे बारीक ओरखडे असतील, आकडे वरखाली पळत असतील, किंवा एक दोन आकड्यांचा फाँट वेगळा वाटत असेल तर हात जोडून निघा. नंबर पूर्ण खरवडलेलं इंजिन "कंपनीतून आलंय, नंबरच नाही" म्हणून विकतात, हसून सोडून द्या. नव्या केसवर नंबर नसतो, पण नवी केस तेलकट आणि वापरलेली नसते.

बाकी यांत्रिक तपासणी मेकॅनिक करेलच. किक मारून कॉम्प्रेशन, क्रँकला वरखाली हलवून बेरिंगचा खेळ, चेनच्या बाजूला केसला चीर, माउंटिंगचे कान, ड्रेन बोल्टचे आटे. दुकानदार ऑइल टाकून चालू करून दाखवत असेल तर थंड असताना दाखवायला सांगा, जाड ऑइल टाकून गरम करून ठेवलेलं इंजिन सगळेच आवाज लपवतं.

अजून एक, वर्षाचं बघा. बीएस६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातली, एप्रिल २०२० नंतरची गाडी, तिच्यात इंजेक्शन, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), ऑक्सिजन सेन्सर, कॅटकॉन (धूर साफ करणारा भाग) असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि आरसीवर उत्सर्जनाचं मानकही लिहिलेलं असतं. तिच्यात बीएस४ चं कार्बवालं, म्हणजे कार्बोरेटरचं, इंजिन टाकून ते चालवता येईल, मंजूर होणार नाही. नव्या गाडीचं इंजिन गेलं तर वॉरंटी बघा, कंपनीशी भांडा, पण जुनं इंजिन टाकायच्या फंदात पडू नका.

आरटीओचं काम, इंजिन बसवण्याआधी सुरू करायचं

कायद्यात १४ दिवस दिलेत म्हणून आधी बसवून मग जायचं असं बरेच जण करतात. माझा सल्ला उलटा आहे. इंजिनाचं बिल हातात आलं की अजून ते चेसिसमध्ये न टाकताच आरटीओत जाऊन विचारा, शक्यतो लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कारण एखाद्या इन्स्पेक्टरला जास्तीचा कागद हवा असेल, प्रतिज्ञापत्र हवं असेल, तर ते आत्ता कळलेलं बरं, नाहीतर जुनं इंजिन भंगारात आणि नवं नोंदीशिवाय अशा मधल्यामध्ये गाडी अडकते. वाहन पोर्टलवर गाडीत बदल म्हणजे अल्टरेशनची सेवा आहे, फी तिथेच भरायची आणि वेळ घेऊन गाडी दाखवायला न्यायची.

फाइलमध्ये आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, इंजिनाचं बिल, देणाऱ्या गाडीच्या आरसीची प्रत आणि ती रद्द झाल्याचा कागद, एनसीआरबीची एनओसी, ज्या वर्कशॉपने बसवलं त्याचं लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि हायपोथिकेशन (आरसीवर कर्जाची नोंद) असेल तर बँकेचं पत्र. चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढायची, ती दोन-तीन प्रतीत आधीच नीट काढून ठेवा, ऑफिसच्या आवारात घाईत काढलेली छाप कधी धड येत नाही. बदलाआधी जुन्या इंजिनाच्या नंबराचा फोटो, बदलल्यावर नव्याचा फोटो, तारखेसकट.

मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतो, नंबर जुळवतो, मॉडेल आणि सीसी जुळते का बघतो. त्या दिवशी गाडी शक्य तितकी कंपनीसारखी ठेवा. आवाज करणारा सायलेन्सर, रुंद टायर, कापलेलं मडगार्ड, आरसे काढलेले, असं घेऊन गेलात तर तुम्ही इंजिनाबद्दल बोलत राहाल आणि तो सायलेन्सरबद्दल. आणि तो चुकत नाहीये. गाडी न्यायला छोटा हत्ती केला तर उत्तम, इंजिन नंबर न जुळणारी गाडी चालवत आरटीओत जाणं जरा विचित्रच. चालवत नेलीत तर अर्जाची पोच आणि सगळी फाइल सोबत.

दुसऱ्या राज्याचा पासिंग असेल, कोल्हापुरात केए म्हणजे कर्नाटकच्या नंबरच्या आरएक्स भरपूर दिसतात, तर गाडी आधी एनओसी आणून इथे नोंदवून घ्या, नाव चढवा, मग इंजिनाच्या मागे लागा. दोन्ही कामं एकत्र केली की दोन ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गाडी पावसात भिजते.

जुनं क्रँककेस मात्र आरसीवर नवा नंबर छापून येईपर्यंत कुठेही देऊ नका. नोंद नाकारली तर तेच पुन्हा बसवून तुम्ही मूळ स्थितीत येऊ शकता. नोंद झाल्यावर भंगारात देताना नंबराची पट्टी कापून ठेवा आणि भंगारवाल्याकडून पावती घ्या, नाहीतर तुमचा जुना नंबर अजून कुठल्यातरी गाडीत पळायला लागतो.

बसवताना

सेम टू सेम इंजिन असेल तर हे एका दिवसाचं काम, मेकॅनिकला तर अर्ध्या दिवसाचं. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, पेट्रोल कॉक बंद, टाकी उतरवली की हात मोकळा मिळतो. इंजिन थोडं गरम करून ऑइल काढा, लवकर उतरतं. सायलेन्सरचे नट आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड हेडमध्येच तुटतो आणि मग दिवस गेला. कार्ब, क्लच केबल, गिअर लिव्हर, स्प्रॉकेट कव्हर, चेन, मॅग्नेटच्या वायरचा सॉकेट, प्लग कॅप, ब्रीदर पाइप. सॉकेट सोडण्याआधी फोनवर फोटो काढा, रंग लक्षात राहतात असं वाटतं पण राहत नाहीत. मग खाली जॅक लावून माउंटिंगचे बोल्ट, शेवटचा बोल्ट काढताना दुसरा माणूस हवाच.

नवं बसवताना सगळे माउंटिंग बोल्ट आधी सैल घालायचे, इंजिन स्वतःहून बसू द्यायचं, आणि मगच आवळायचे. एक पूर्ण आवळून दुसऱ्याचं भोक पहारेने जुळवणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाडीचे कान वर्षभरात तुटतात. चेन लाइन मागच्या स्प्रॉकेटशी सरळ आहे का बघा. त्याच कुळातलं पण वेगळ्या व्हेरियंटचं इंजिन असेल, उदाहरणार्थ किकवाल्या गाडीत सेल्फचं, तर मोटर, रिले, मोठी बॅटरी, वायरिंग सगळं मागे लागतं, आणि मॅग्नेट-सीडीआय-रेक्टिफायर ही तिकडी एकाच गाडीची ठेवा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलं की बॅटरी उकळते नाहीतर करंटच येत नाही. बुलेटवाल्यांना सांगायला नको, पण कास्ट आयर्नच्या फ्रेममध्ये यूसीई, म्हणजे नंतरच्या बुलेटचं इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं इंजिन, बसवायचं म्हणजे माउंटिंग कापून वेल्डिंग, गिअर उजवीकडून डावीकडे, ब्रेक डावीकडून उजवीकडे, म्हणजे चेसिसला हात लागला, आणि चेसिस कापलेली गाडी आरटीओला दाखवणं हा वेगळाच अध्याय आहे.

बसवून झालं की पीयूसी नव्याने काढा, जुन्या इंजिनावरची पीयूसी सहा महिने बाकी आहे म्हणून ती दाखवू नका. फोर स्ट्रोकला २००० नंतरच्या जुन्या कार्बवाल्या गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएमची मर्यादा, टू स्ट्रोकला ६,०००. मार्च २००० पर्यंतच्या गाड्यांना ४.५ टक्के आणि ९,०००. कार्ब नीट ट्यून असेल आणि रिंगा गेलेल्या नसतील तर यात बसायला काही कष्ट पडत नाहीत, पडत असतील तर तुम्हाला दुकानदाराने गंडवलंय.

इन्शुरन्स

पॉलिसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि सीसी तिन्ही छापलेलं असतं. त्यामुळे आरसीवर नंबर बदलला की पॉलिसीवरही बदलून घ्यायचा, याला एन्डॉर्समेंट म्हणतात. फोनवर सांगून सोडू नका, एजंटला सांगूनही सोडू नका, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर नवी आरसी जोडून पाठवा आणि एन्डॉर्समेंटचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. इंजिन काढायच्या आधीच एक मेल टाकून ठेवला तर अजून चांगलं, म्हणजे लपवलं असं कोणी म्हणू शकत नाही. रिन्यूअलच्या वेळी ऑनलाइन फॉर्ममध्ये जुना नंबर आपोआप येतो, तो बघा, दरवर्षी बघा.

सीसी लपवण्याचा विषय इथे पैशात दिसतो. २०२२ पासूनच्या थर्ड पार्टी दरात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६, आणि ३५० च्या वर २,८०४, वर जीएसटी असेल तो. म्हणजे ३४६ ची बुलेट ४९९ केली तर खरा हप्ता दुप्पट झाला असता, पल्सर १५० ची २२० केली तरी जवळपास तेच. आरएक्स १०० ची १३५ केली तर गट तोच राहतो, हप्ता एक रुपयाने वाढत नाही, तरीही पॉलिसीवर ९८ आणि रस्त्यावर १३२ ही चुकीची माहितीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला ज्या मोजक्या कारणांवर हात झटकता येतात त्यात महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली हे एक कारण आहे.

याचा परिणाम दोन ठिकाणी वेगवेगळा. तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम, चोरी किंवा डॅमेज, तो सरळ नाकारला जाऊ शकतो, सर्व्हेअर पहिल्यांदा पेन्सिल प्रिंटच घेतो. थर्ड पार्टीचं मात्र जास्त भीतीदायक आहे. कोणाला तुमच्या गाडीने लागलं, माणूस गेला किंवा अपंग झाला, तर मोटार अपघात ट्रिब्युनल भरपाई ठरवतं आणि ती लाखांत असते. पॉलिसीची अट मोडली असं निघालं तर बऱ्याचदा कोर्ट कंपनीला म्हणतं आधी पीडिताला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. पीडिताला पैसे मिळतात हे योग्यच, पण ती वसुली तुमच्या पगारावर, घरावर येते. १५ लाखांचा मालक-चालकाचा अपघात विमा असतो त्यावरही वाद होऊ शकतो, आणि तो वाद तुमच्या मागे राहिलेल्यांना घालावा लागतो. विमाच नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पण दंड ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

बदललेल्या गाडीचा आयडीव्हीही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) बघून घ्या. जुन्या गाडीत नवं इंजिन टाकलं म्हणून तो आपोआप वाढत नाही. मनाप्रमाणे रिस्टोर केलेली आरएक्स बाजारात भल्या किमतीला जाते पण पॉलिसीत तिची किंमत वयाप्रमाणे नगण्य धरलेली असते, त्यावर कंपनीशी आधीच बोलून लेखी ठरवा.

आधीच कोणीतरी बदललेली गाडी घेताय का

हे सगळ्यात जास्त होतं. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बुक करायला बसल्यावर चेसिस आणि इंजिन नंबर टाकावा लागतो, आरसीवरचा टाकला म्हणून प्लेट मिळते, त्यामुळे नवी प्लेट दिसली म्हणजे गाडी स्वच्छ असं समजू नका, ती प्लेट क्रँककेस बघून दिलेली नसते. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर इंजिन नंबर अर्धा झाकलेला दिसतो, म्हणून मूळ आरसीच मागा, झेरॉक्स नको.

नंबर जुळला नाही आणि मालक म्हणाला की इंजिन बदललंय पण सेमच आहे, तर त्याला विचारा मूळ क्रँककेस आहे का. खूपदा ती गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली असते. ती मिळाली तर ती गाडीसोबत घ्या, आतलं सामान तिच्यात भरून मूळ नंबरावर गाडी उभी करता येते, आणि कागदाचा प्रश्नच संपतो. ती नसेल पण इंजिनाचं नंबरासकट बिल असेल, तर मालकालाच त्याच्या नावावर नोंद करून द्यायला सांगा, आणि नव्या आरसीवर नंबर आल्यावरच ट्रान्सफरचे फॉर्म भरा. अर्धे पैसे आत्ता, अर्धे नोंद झाल्यावर, असं लिहून घ्या. आणि केसही नाही, बिलही नाही, फक्त "मित्राकडून घेतलं होतं" एवढंच असेल तर किंमत पाडून घेत बसू नका, चावी परत करून निघा.